नाला नव्हे, बायू

"थांबा जरा, निघेल," असं म्हणताना काकू उजवा तळहात पालथा करायच्या आणि हवेत सावकाश पुढे सरकवायच्या. पलंगपोसाची सुरकुती काढावी तसा. कुकरची शिट्टी होत नसेल, विमान लेट असेल, सरकारी ऑफिसातून उत्तर येत नसेल, तरी वाक्य तेच आणि हात तोच. ज्यांनी त्यांना फक्त ह्यूस्टनच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, पाहिलं, त्यांना ती एक लकब वाटायची. हाताची ती चाल कशाची होती, हे कळायला त्यांच्या घरामागे जावं लागे.

घरामागे बायू होता.

ह्यूस्टनच्या दक्षिणेला, आखाताच्या बाजूला, जमीन परातीसारखी सपाट आहे. पावसाच्या पाण्याला धड उतार मिळत नाही. त्या जमिनीतून वळणं घेत जे पाणी आखाताकडे जातं, त्याला तिथे बायू म्हणतात. नदी म्हणावी इतकं ते रुंद नसतं आणि तळं म्हणावं इतकं थांबलेलंही नसतं. रंग जास्त दूध घातलेल्या चहाचा. काठाला लव्हाळे, चिखलात खेकड्यांची बिळं, ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळासारख्या करड्या जटा, आणि एका पायावर उभा एखादा बगळा. पाणी हलतंय की नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला सांगता येत नाही. रोज पाहणाऱ्यालाही काही दिवशी येत नाही.

आपली मंडळी त्याला नाला म्हणायची. "नाल्यावरनं लेफ्ट घे," "नाल्यापलीकडे घर बघितलं, पण डास फार आहेत यार." त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. शब्द हाताशी होता, तो वापरला. काकूही वापरायच्या. त्यांनी तो सोडला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांचे यजमान गेले त्यानंतर.

यजमान केमिकल इंजिनिअर, रिफायनरीत नोकरीला. मूल नव्हतं. रविवारी सकाळी ते घडीची खुर्ची घेऊन मागच्या काठावर गळ टाकून बसत. पण माणूस शाकाहारी. दोरीला आकडा लावत नसत, नुसतं शिसं बांधत. शेजारी लुईझियानाहून आलेला एक म्हातारा राहत असे, त्याचं सगळं आयुष्य कॅटफिश धरण्यात गेलेलं. तो कुंपणावरून विचारायचा, "आज काय लागलं?" आणि हे गंभीरपणे सांगायचे, "काही नाही. उद्या बघू." हा विनोद त्या दोघांनी कितीतरी वर्षं वापरला आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

हार्ट अटॅकने ते अचानक गेले. अस्थी काकूंनी त्याच काठावर, खुर्ची ठेवायचे तिथून, पाण्यात सोडल्या. कुणाला विचारलं नाही. नंतर ज्यांचा फोन आला त्यांना सरळ सांगितलं.

धाकटे दीर मिशिगनमध्ये, ट्रॉयला असायचे. मोटार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. थोरल्या भावाच्या अस्थी नाशिकला न्यायच्या म्हणून त्यांनी विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं. काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "वहिनी, दादाला नाल्यात सोडलंत तुम्ही?"

आणि लगेच पुढचा प्रश्न.

"वाहतं पाणी तरी आहे का ते?"

हे काकूंनीच मला पुढे सांगितलं, भेंडी चिरता चिरता, आवाज न बदलता. फोन ठेवून त्या मागे गेल्या. अंगणातला झेंडू तोडला आणि पाण्यात टाकला. फूल जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं, पुन्हा नाही. तिसऱ्या सकाळी ते हललं, पण आखाताकडे जायचं सोडून आत, गावाकडे निघालं. काकू कुंपणापर्यंत त्याच्या बरोबरीने चालत गेल्या आणि पलीकडच्या अंगणात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "हे उलटं का जातं?"

"वारा दक्षिणेचा आहे," तो म्हणाला. "आखातातलं पाणी आत ढकलतोय. उत्तरेचा सुटला की बाहेर ओढून नेईल. बायू आहे हा, मॅम. त्याला घाई नसते."

"बायू म्हणजे काय?"

म्हाताऱ्याला बहुधा हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याची आजी घरात फ्रेंच बोलायची. ती सांगायची की शब्द आपला वाटतो, पण आपला नाही. आपल्या आधी इथे जी माणसं होती त्यांचा आहे.

काकू मूळच्या माणदेशातल्या. लग्नाआधी फलटणच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ऐकीव माहितीवर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या पब्लिक लायब्ररीत गेल्या आणि जाडजूड शब्दकोश उघडून बसल्या. म्हाताऱ्याच्या आजीचं म्हणणं खरं निघालं. मिसिसिपीच्या पूर्वेला राहणाऱ्या चोक्टॉ लोकांच्या भाषेत 'बायुक' असा शब्द होता. अर्थ, लहान नदी. लुईझियानात आलेल्या फ्रेंचांनी तो उचलला, त्यांच्या तोंडी त्याचा शेवट गळाला. पुढे इंग्रजी नकाशे काढणाऱ्यांनी तो तसाच ठेवला, आणि दलदलीतून संथ जाणाऱ्या प्रत्येक पाण्याला लावला. ज्यांचा शब्द, त्या चोक्टॉ लोकांना सरकारने त्यांच्या मुलखातून पश्चिमेकडे हाकलून दिलं. शब्द मात्र पाण्यापाशीच राहिला.

"मी मिळाल्या तेवढ्या डिक्शनऱ्या पाहिल्या," काकू सांगायच्या. "गटार कुठेही नाही. नदी आहे. लहान आहे, पण नदी आहे."

त्या दिवसापासून त्यांच्यासमोर कुणी नाला म्हटलं की त्या थांबवायच्या. चिडायच्या नाहीत. वर्गात चुकीची राजधानी सांगणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघायच्या आणि म्हणायच्या, "नाला नव्हे, बायू." मग पुढचं बोलणं सुरू करायला परवानगी असे.

मंडळात यावरून थट्टा व्हायची. एका दिवाळीला एक डॉक्टर, स्वभावाने गमते आणि मनाने चांगले, प्लेट हातात घेऊन म्हणाले, "काकू, नाव काही पण द्या हो. पाणी तर उभंच असतं ना तिथे! नाला तो नाला यार."

काकूंनी आधी त्यांच्या प्लेटमध्ये आणखी एक करंजी वाढली.

"डॉक्टर, आमच्या माणगंगेला वर्षातनं चार दिवस पाणी. बाकी वाळू. आम्ही पोरं तिच्या पात्रात सूरपाट्या खेळायचो. तिला कधी कुणी नाला म्हटलं नाही. गंगा म्हणतात, गंगा! आणि हे बिचारं बारा महिने भरलेलं, तर ह्याला नाला?"

लोक हसले. काकू थांबल्या नाहीत.

"आणि तुमच्याकडचा मंडळाचा गणपती? स्विमिंग पूलमध्ये बुडवता. तीनदा. क्लोरीनच्या पाण्यात. वर काढून टॉवेलनं पुसून परत कपाटात! त्याला विसर्जन म्हणता ना? मग मला शब्दांचं शिकवू नका."

डॉक्टर सगळ्यांत जास्त हसले. पण म्हणून लोकांनी नाला म्हणणं सोडलं, असं झालं नाही. पार्किंग लॉटमध्ये निरोप घेताना कुणीतरी सांगत होतं, "नाल्यापाशी जरा जपून जा, अंधार असतो."

दिरांचा दिवाळीचा फोन येई. ख्यालीखुशाली होई. तो विषय दोघंही काढत नसत. काकूंनी बायुक शब्दाचं सगळं एका पत्रात लिहून ट्रॉयला पाठवलं होतं. उत्तरात हवामान कळवलेलं होतं.

मी त्या काळात तिथल्या एका उपनगरी इंग्रजी साप्ताहिकात काम करत होतो. त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. साप्ताहिकात नव्या माणसाला काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, सभा देतात, कारण तिथे कुणाला जायचं नसतं. त्र्याऐंशीच्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळात त्या भागात बरीच घरं पाण्यात गेली. त्यानंतर आमच्याकडच्या बायूचा आराखडा सभेपुढे आला. वळणं काढून पात्र सरळ करायचं, तळाला आणि दोन्ही बाजूंना काँक्रीट घालायचं, म्हणजे पाणी झपाट्याने निघून जाईल. काकूंच्या घरामागचं वळणही त्यात जाणार होतं.

आता तुम्हीच पाहा, हे काकूंना कसं दिसलं असेल. आजवर तो नाला नव्हता आणि दीर त्याला नाला म्हणत होते. काँक्रीट पडलं की तो खरोखरच नाला होणार होता, आणि भावाला कुठे सोडलं याबद्दल दिरांनी म्हटलेलं कायमचं खरं ठरणार होतं.

सभेत कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येत असे. काकू आल्या त्या इरकल नेसून, पायात टेनिस शूज आणि एसीसाठी अंगात यजमानांचा स्वेटर. काउंटीचा इंजिनिअर तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने नकाशावर काठी फिरवून सगळं समजावलं होतं.

"तुमच्या कागदावर ह्याला चॅनल म्हटलंय," काकू माइकपाशी इंग्रजीत म्हणाल्या. "पुलावरच्या पाटीवर बायू लिहिलंय. ह्यातलं खरं कुठलं?"

"मॅम, चॅनल ही टेक्निकल टर्म आहे."

"मग टेक्निकल विचारते. काँक्रीट घातल्यावर पाणी कसं जाईल?"

"वेगाने, मॅम."

"बायू म्हणजे सावकाश जाणारी लहान नदी. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी पाणी बघून ठेवलं. तुम्हाला वेग द्यायचा असेल तर द्या. पण मग आधी पुलावरची पाटी काढा. आणि काढाल त्या दिवशी मला बोलवा. मला बघायचंय कोण काढतो ते."

मागच्या रांगांत हशा झाला. इंजिनिअरही हसला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं. त्यानंतर एक तरुण बाई उठली. वादळात तिच्या बाळाच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. तिने रडत रडत काँक्रीटची मागणी केली. हशा बंद झाला. काकू सभा संपल्यावर तिच्यापाशी गेल्या. माझ्याही गॅरेजमध्ये पाणी होतं, म्हणाल्या. आणि इंजिनिअरच्याच आराखड्याच्या शेवटी एक पर्याय होता तो तिला दाखवला: काँक्रीट न घालता काठ रुंद करून गवताचा उतार ठेवायचा, पुराला पसरायला जागा मिळते. त्या बाईला ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या सभेला काकू पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. काकूंचं नाव पुकारायच्या आधीच अध्यक्ष घड्याळ लावून ठेवू लागले. म्हातारा शेजारी त्यांना पिकअपमधून आणायचा आणि मागे डुलक्या घेत बसायचा.

एकदा पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना विचारलं, "काकू, काकांचं तुम्ही एकदाही सांगत नाही. सांगितलंत तर बोर्डावर परिणाम होईल."

"होईल ना. म्हणूनच नाही सांगत."

मला कळलं नाही, हे त्यांना दिसलं.

"मग ते एका बाईच्या दुःखासाठी ठेवतील. मला तो बायू म्हणून ठेवलेला हवाय. उद्या भाऊजींना काय सांगू, तुमच्या दादासाठी सरकारने नाला तेवढा राखलाय?"

हे मी तेव्हा छापलं नाही. त्यांनी सांगितलं ते पेपरवाल्याला सांगितलं नव्हतं.

मग तेलाचा भाव पडला. ह्यूस्टनमध्ये त्या वर्षांत राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. रिफायनऱ्या, डिझाइन कंपन्या, सगळीकडे लेऑफ. आपली माणसं सांता क्लाराला गेली, कुणी मिशिगनला, कुणी परत पुण्याला. अंगणाअंगणात विक्रीच्या पाट्या लागल्या. मंडळाचा गणपती एका मोठ्या दिवाणखान्यात मावू लागला. काकूंना सगळ्यांनी एकच सांगितलं, घर काढा, दिरांजवळ ट्रॉयला जा, आता इथे कोण आहे? काकूंनी तळहात पालथा केला. "थांबा जरा."

काउंटीकडेही पैसा उरला नाही. शेवटी ठराव झाला तो असा: वरचा भाग, शॉपिंग सेंटरच्या मागचा, काँक्रीटचा. तिथून खाली आखातापर्यंत वळणं तशीच, काठाला गवताचा उतार. काकूंचं घर खालच्या भागात होतं.

बातमी मी लिहिली. हे काकूंच्या चिकाटीमुळे झालं असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. पण तसा पुरावा नव्हता, आणि तिजोरी रिकामी होती याचा होता. मी तेच लिहिलं. काकूंनी अंक वाचून फोन केला.

"बरोबर लिहिलंस. पण एक राहिलं. ठरावाचा कागद नीट बघ. चॅनल शब्द फक्त वरच्या भागाला आहे. खाली बायू लिहिलंय."

मी तपासलं. तसंच होतं. इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, "टेक्निकल दुरुस्ती." आणि हसला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दीर ऑफिसच्या कामासाठी ह्यूस्टनला आले आणि परतीच्या दिवशी, भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच, वहिनीच्या घरी आले. काकूंनी मलाही बोलावलं. "पेपरवाला साक्षीला असलेला बरा," म्हणाल्या. दीर सूटमध्ये होते, पायात चकचकीत बूट, दुपारचं विमान. चहा झाल्यावर काकू त्यांना मागे घेऊन गेल्या. यजमानांची खुर्ची जागेवर होती. त्यांनी दिरांच्या हातात झेंडूचं फूल दिलं.

"टाका."

दिरांनी टाकलं. फूल जरा घुटमळलं आणि आत, गावाच्या दिशेने सरकू लागलं.

"वहिनी, हे उलटं चाललंय."

"उलटं नाही. आखाताचा वारा आहे. आत येतंय."

दीर फुलाकडे बघत राहिले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मग दादा कुठे गेला?"

"त्या दिवशीही असाच वारा होता," काकू म्हणाल्या. "आधी आतच आले. मला कळेना, मी घाबरले. दिवसभर इथेच बसले. संध्याकाळी उत्तरेचा सुटला, तेव्हा हे निघाले. वाऱ्यामुळे, ते मला मागाहून कळलं." त्यांचा हात हवेत पुढे सरकला. "तुम्ही विचारलंत ना, वाहतं आहे का. थांबा जरा. स्वतः बघा."

"माझी फ्लाइट आहे."

"माहितीये."

दीर आत गेले. ते निघाले असं मला वाटलं. स्वयंपाकघरातून फोनवरचं बोलणं ऐकू आलं, इंग्रजीत, फ्लाइट कॅन्सल केल्याचं. बाहेर आले तेव्हा बूट-मोजे काढलेले होते. ते दादाच्या खुर्चीत बसले. कुंपणापलीकडून म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "आज काय लागलं?" दिरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "अजून काही नाही."

म्हातारा हसला नाही. टोपी काढून उभा राहिला.

दुपार कलल्यावर थंड वारा उत्तरेकडून आला. लव्हाळे दुसऱ्या बाजूला कलले. पाण्यावरचा पालापाचोळा थांबला, मग आखाताकडे निघाला. त्यात पिवळं काहीतरी होतं. तेच फूल होतं असं मी म्हणणार नाही. दीर उठून काठापर्यंत गेले, चिखलात पावलं रुतवून उभे राहिले आणि ते पिवळं वळणाआड जाईपर्यंत त्यांनी हात जोडलेले होते.

"वाहतंय वहिनी," ते म्हणाले.

"मग!" काकू म्हणाल्या. "चला, पिठलं टाकते."

दशक संपता संपता काकू गेल्या. आजार कळल्यावरही त्या ट्रॉयला गेल्या नाहीत. दीरच येऊन राहिले. घर तोवर विक्रीला लागलं होतं, म्हणून अस्थी सोडायला आम्ही थोडं खालच्या अंगाला, लाकडी पुलावर जमलो. मंडळातले उरलेले चार-पाच जण, डॉक्टर, जुना सूट घातलेला म्हातारा. पुलावरची पाटी तिथेच होती, गंजलेली, नाव वाचता येईल इतपत.

दिरांनी अस्थी सोडल्या, वर झेंडू. सगळं आधी पुलाखाली घोटाळलं. मग आत निघालं, काकूंच्या घराच्या दिशेने. त्यांच्या मागच्या कुंपणापर्यंत गेलं आणि तिथे, जिथे खुर्ची असायची त्या जागेसमोर, फुलं गोल फिरू लागली.

दुपारचं ऊन होतं, अंगावर डास बसत होते. डॉक्टरांनी गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि हळूच विचारलं, "झालं ना? निघायचं?"

दिरांनी मान वळवली नाही. उजवा तळहात पालथा केला आणि हवेत सावकाश पुढे सरकवला.

डॉक्टरांनी किल्ल्या परत खिशात ठेवल्या.